हरायला शिकवलेलं यंत्र

पेण-रोह्याच्या आभाळातून मुंबईकडे उतरणारी विमानं आपल्याला नवी नाहीत. आता तर रायगड जिल्ह्यातच, उलव्याजवळ नवी मुंबईचा विमानतळ झाला आहे, त्यामुळे मान वर करायचे प्रसंग वाढलेच. मोठ्या प्रवासी विमानांच्या गर्दीत मधूनच एखादं छोटं विमान दिसतं: अंगाने सडपातळ, शेपटीजवळ दोन इंजिनं, आत जेमतेम आठ-दहा माणसांची जागा. उद्योगपती, पुढारी, कधी तातडीने हलवायचा रुग्ण, असे लोक या छोट्या जेटमधून जातात. तुमच्या डोक्यावरून ते जात असतं तेव्हा त्याचं सुकाणू कुणाच्या हातात असतं?

बहुतेक वेळा कुणाच्याच नाही. दोन्ही वैमानिक जागेवर असतात, जागे असतात, रेडिओवर बोलत असतात, पण विमान उडवत असतो ऑटोपायलट. या ऑटोपायलटची ठरावीक काळाने सक्तीची तपासणी होते. तो किती अचूक उडवतो हे त्यात पाहतातच, पण त्याहून विलक्षण असा एक प्रश्न तंत्रज्ञ विचारतात: माणसाने जोर लावला तर हे यंत्र किती सहज हरतं?

होय, हरतं. त्याचं हरणं मोजलं जातं, वहीत लिहिलं जातं, खाली सही होते. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा विमानांकडे बघायची माझी नजरच बदलली. पण त्याआधी हे यंत्र मुळात विमान सांभाळतं कसं, ते पाहू.

भोवरा आठवा. जाळी गुंडाळून फेकलेला भोवरा फिरतोय तोवर टोकावर उभा राहतो. त्याला बोट लावलंत तर पडत नाही, अडून बसतो. वेगाने फिरणारी वस्तू आपल्या अक्षाची दिशा सोडायला तयार नसते. असाच एक जड भोवरा एकात एक अशा कड्यांमध्ये टांगला, म्हणजे बाहेरची चौकट कशीही कलली तरी आतला अक्ष मोकळा राहील, की झाला जायरोस्कोप. हे नाव दिलं फ्रेंच शास्त्रज्ञ लेऑं फुको याने, १८५२ मध्ये. आणि त्याने तो कशासाठी बनवला? पृथ्वी फिरते हे खोलीत बसून दाखवण्यासाठी!

हा प्रयोग मनातल्या मनात पेणमध्ये करू. घर्षण अजिबात नसलेला जायरोस्कोप टेबलावर ठेवा, अक्ष आडवा आणि नेमका उत्तरेकडे. एक तास थांबा. अक्ष पूर्वेकडे सुमारे ४.८ अंश सरकलेला दिसेल. त्याला कुणी हात लावलेला नाही. तो आहे तिथेच आहे, ताऱ्यांच्या हिशोबाने एकाच दिशेला रोखलेला. फिरलं ते टेबल, ते घर, सगळं पेण. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते आणि पेण साधारण पावणेएकोणीस उत्तर अक्षांशावर आहे, त्यावरून हा आकडा निघतो. रोहा थोडं दक्षिणेला, म्हणून तिथे तो केसभर कमी. उत्तर ध्रुवावर पूर्ण १५, विषुववृत्तावर शून्य. आपण कोणत्या गावात उभे आहोत हे एका फिरत्या चाकाला ठाऊक असतं! जुन्या विमानांतल्या दिशादर्शक जायरोला म्हणूनच वैमानिक दर पंधरा-वीस मिनिटांनी होकायंत्राशी जुळवून घ्यायचे.

आता या हट्टी चाकाला विमानात बसवा. विमान डावीकडे कललं, चाक कललं नाही. दोघांमध्ये जो कोन पडला तोच विमानाचा कल. तो कोन मोजणारं काहीतरी हवं, आणि कल नाहीसा होईपर्यंत पंखावरच्या झडपा उलट दिशेने हलवणारं काहीतरी हवं. ऑटोपायलटचं मूळ एवढंच आहे.

हे पहिल्यांदा जगासमोर आलं १८ जून १९१४ रोजी, पॅरिसजवळ बेझाँ इथे, सीन नदीवर. विमान सुरक्षित करणाऱ्या शोधांची तिथे स्पर्धा होती. राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला अजून अकरा वर्षंही पुरी झाली नव्हती. लॉरेन्स स्पेरी नावाचा २१ वर्षांचा अमेरिकन मुलगा पाण्यावरून उडणारं कर्टिस विमान घेऊन आला. त्याचे वडील एल्मर स्पेरी जहाजांसाठी जायरोस्कोप बनवण्यात निष्णात. परीक्षकांच्या समोरून पहिल्या फेरीत लॉरेन्स दोन्ही हात वर करून गेला. दुसऱ्या फेरीत त्याचा मेकॅनिक एमिल काशाँ चालत्या विमानाच्या पंखावर जाऊन उभा राहिला. एका बाजूला माणसाचं वजन आलं, विमान कलायला हवं होतं; झडपा आपोआप हलल्या आणि विमान सरळच राहिलं. मग लॉरेन्सही उठला आणि दुसऱ्या पंखावर गेला. वैमानिकाची खुर्ची रिकामी, दोन माणसं दोन पंखांवर, आणि विमान शांतपणे प्रेक्षकांसमोरून चाललेलं. ५० हजार फ्रँकचं बक्षीस त्याला मिळालं. नाहीतर कुणाला मिळणार?

पण माणसाला अशा यंत्राची एवढी गरज का पडावी? डोळे आहेत, कान आहेत, तोल सांभाळता येतो. खरं तर इथेच आपलं शरीर आपल्याला फसवतं. कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यांत द्रव असतो. डोकं फिरलं की द्रव मागे रेंगाळतो आणि मेंदूला कळतं, आपण वळतोय. मात्र वळण खूप हळू असेल, सेकंदाला दोनेक अंशांपेक्षा कमी, तर या नळ्यांना पत्ताच लागत नाही. आणि वळण बराच वेळ तसंच चालू राहिलं तर द्रवही नळीच्या वेगाने फिरू लागतो आणि मेंदू म्हणतो, आपण सरळ चाललोय. जमिनीवर डोळे ही चूक सुधारतात. ढगात किंवा रात्री समुद्रावर क्षितिजच दिसत नाही. मग सुधारणार कोण?

मुंबईने याची फार मोठी किंमत मोजली आहे. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचं ‘एम्परर अशोक’ हे बोइंग ७४७ विमान सांताक्रूझहून दुबईकडे निघालं. समोर अरबी समुद्र आणि काळोख. कॅप्टनसमोरचं क्षितिज दाखवणारं उपकरण बिघडलं आणि उजवा कल दाखवत अडकून राहिलं. कॅप्टनने तो कल काढण्यासाठी विमान डावीकडे वळवलं. उपकरण तसंच, म्हणून आणखी डावीकडे. कॉकपिटमधलं दुसरं क्षितिजयंत्र खरं सांगत होतं, फ्लाइट इंजिनिअरने त्याकडे लक्ष वेधायचा प्रयत्नही केला. उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत विमान वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळलं. २१३ माणसं होती, एकही वाचलं नाही.

ऑटोपायलटही याच क्षितिजावर विसंबून असतो. उपकरण खोटं बोललं तर ऑटोपायलट त्या खोट्याप्रमाणे इमानेइतबारे विमान उडवेल. म्हणून आजच्या छोट्या जेटमध्ये क्षितिज सांगणारे दोन स्वतंत्र स्रोत असतात आणि संगणक त्यांची सतत तुलना करतो. दोघांत ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त फरक पडला की पडद्यावर इशारा येतो, आणि ऑटोपायलट हात वर करून बाजूला होतो. आता त्यात फिरतं चाकही नसतं. त्याच्या जागी सिलिकॉनच्या चकतीवर कोरलेले, डोळ्यांना न दिसणारे थरथरते काटे असतात. विमान वळलं की त्यांच्या थरथरीची दिशा किंचित ढळते आणि ती मोजली जाते. अशाच जातीची चकती तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आहे. मोबाइल आडवा केल्यावर व्हिडिओ आडवा होतो, खेळातली गाडी वळते, त्या सगळ्यात याच घराण्याच्या चकत्या राबत असतात. विमानातली जास्त अचूक आणि कसून तपासलेली, इतकंच.

संगणकाला कल कळला. पुढे विमान हलवायचं कुणी? इथे येते सर्व्हो मोटर. छोट्या जेटमध्ये ही हातात मावेल एवढी विजेची मोटर असते. तिच्या तोंडाशी लहानसा ड्रम, त्यावर गुंडाळलेली तार, आणि ती तार वैमानिकाच्या योकपासून शेपटीपर्यंत जाणाऱ्या मुख्य तारेला जोडलेली. योक म्हणजे वैमानिकासमोरचा, पुढे-मागे होणारा आणि वळणारा दांडा. मोटर फिरली की तार ओढली जाते, शेपटीवरची झडप हलते, आणि वैमानिकासमोरचा योकही आपोआप सरकतो. कॉकपिटमध्ये बसून कुणी हात न लावता योक सावकाश पुढे-मागे होताना पाहणं हा अंगावर काटा आणणारा अनुभव असतो.

ही मोटर किती बारकाईने काम करते? २९ हजार ते ४१ हजार फुटांच्या पट्ट्यात समोरासमोर येणाऱ्या विमानांत पूर्वी २ हजार फुटांचं अंतर ठेवायचे. भारताच्या आकाशात २००३ च्या नोव्हेंबरपासून ते १ हजार फुटांवर आलं, म्हणजे सुमारे ३०० मीटर. तेवढ्याच आकाशात जवळजवळ दुप्पट पातळ्या मिळाल्या. पण त्यासाठी अट अशी, की विमानात उंची आपोआप धरून ठेवणारी यंत्रणा हवी आणि तिने ठरलेल्या उंचीच्या ६५ फूट वर-खाली एवढ्यातच राहायला हवं. ताशी ८०० किलोमीटरने जाणारं विमान, सेकंदाला दोनशेहून जास्त मीटर कापणारं, आणि वर-खाली मुभा फक्त वीस मीटरची! हात दुखेपर्यंत योक धरून तासन् तास हे कोण करेल? या पट्ट्यात ऑटोपायलटचं उंची धरणं बंद पडलं तर वैमानिकाला लगेच नियंत्रकाला कळवावं लागतं, आणि नियंत्रक त्याच्यासाठी वेगळी जागा करतो. म्हणजे उंच उडणाऱ्या छोट्या जेटसाठी ऑटोपायलट ही चैन उरलेली नाही, ती प्रवेशाची अट आहे.

आता वळू त्या हरण्याकडे.

अशी कल्पना करा, की हीच मोटर बिघडली. संगणकाने चुकीचा हुकूम दिला किंवा मोटरच अडकली, आणि ती योक पूर्ण ताकदीने पुढे ढकलते आहे. विमानाचं नाक खाली चाललंय. वैमानिक योक मागे ओढतो. मोटर माणसापेक्षा बळकट असेल तर? म्हणून मोटर आणि ड्रम यांच्यामध्ये एक क्लच बसवलेला असतो. ठरावीक जोरापलीकडे हा क्लच घसरतो. मोटर आतल्या आत फिरत राहते आणि योक माणसाच्या हातात येतो. ज्या विमानात असा क्लच असतो, तिथे हँगरमध्ये तो नेमका किती जोराला घसरतो हे टॉर्क मोजून पाहतात. आकडा ठरलेल्या दोन मर्यादांच्या मध्येच हवा. फार सैल असेल तर खराब हवेत ऑटोपायलटची पकड सुटेल. फार घट्ट असेल तर माणसाला जड जाईल. ड्रमवरच्या तारेचा ताणही मोजतात, तिचा एखादा धागा तुटलाय का हे बघतात. किती नाजूक तराजू आहे हा! यंत्राने रोजच्या कामात जिंकायचं, पण वैमानिकाशी झुंज लागली तर हरायचं, आणि हा फरक एका छोट्याशा क्लचच्या घट्टपणात साठवलेला.

विमानाला परवाना मिळण्याआधी तर याहून धाडसी परीक्षा होते. चाचणी वैमानिक विमान वर नेतात आणि मुद्दाम ऑटोपायलटमध्ये बिघाड घडवतात, मोटर एका बाजूला पूर्ण वळवतात. मग ते काय करतात? काहीही नाही. बिघाड लक्षात आल्यानंतर तीन सेकंद ते हात आवरून बसतात. प्रवासात असलेला वैमानिक नकाशा बघत असेल, बोलत असेल, त्याला सावरायला वेळ लागेल, म्हणून ही तीन सेकंदं. एक, दोन, तीन मोजून पाहा, आणि तेवढा वेळ विमान वेडंवाकडं जातंय असं मनात आणा. त्यानंतर योक हातात घेऊन विमान सुखरूप सरळ करता आलं पाहिजे, त्याचा सांगाडा झेपेल त्यापलीकडे ताणला जाता कामा नये. उतरताना वैमानिकाचं लक्ष आणि हात दोन्ही तयार असतात, जमीनही जवळ असते. तिथे ही मुदत एक सेकंदाची. त्या क्लचचा जोर, मोटरचा वेग, सगळं या सेकंदांवरून ठरतं.

आणि योकवर अंगठ्याच्या टप्प्यात असतं लाल बटण. दाबलं की ऑटोपायलट सुटतो आणि कॉकपिटमध्ये आवाज होतो. तो सुटला हे कळलंच नाही असं होऊ नये म्हणून तो आवाज. अनेक छोट्या जेटमध्ये वैमानिक उड्डाणाआधी जमिनीवरच ऑटोपायलट लावतो, योक जोराने हलवून त्याला हरवून पाहतो, मग लाल बटण दाबून तो खरंच सुटतो का हे तपासतो. अर्ध्या मिनिटाचं काम.

हरवता येणं आणि मधेच ढकलणं यांत मात्र फरक आहे, आणि तो १४ सप्टेंबर १९९९ ला दिसला. फाल्कन ९०० हे छोटं जेट ग्रीसचे उपपरराष्ट्रमंत्री यानोस क्रानिडिओटिस यांना घेऊन अथेन्सहून बुखारेस्टला चाललं होतं. या विमानात वेग वाढला की योक जड करणारी एक यंत्रणा असते. ती बिघडल्याचा दिवा लागला होता, म्हणजे योक भलताच हलका झालेला होता. ऑटोपायलट चालू असेपर्यंत हे जाणवत नव्हतं. उतरताना वैमानिकाने ऑटोपायलट न सोडता योक ओढला. जोर लागताच ऑटोपायलट नियमाप्रमाणे सुटला, आणि तो ओढलेला जोर एकदम हलक्या योकवर आला. नाक वर, घाबरून खाली, परत वर. काही सेकंद विमान असं उसळत राहिलं. पट्टे न बांधलेले प्रवासी छतावर आणि जमिनीवर आपटले. सात जण गेले, मंत्रीही त्यांत होते. विमान मात्र सुखरूप उतरलं. ऑटोपायलटने त्याला शिकवलेलं तेच केलं होतं. पण तो पाठीवर काय ओझं घेऊन उडत होता हे त्याने सांगितलं नव्हतं, आणि सांगणारा दिवा पुरेसा गंभीरपणे घेतला गेला नव्हता.

त्याच वर्षी, २५ ऑक्टोबरला, याच्या अगदी उलटं घडलं. गोल्फपटू पेन स्टुअर्ट यांना घेऊन एक लिअरजेट ३५ अमेरिकेत ऑर्लँडोहून डॅलसला निघालं. वर जाताना आतला हवेचा दाब गेला आणि सगळे बेशुद्ध झाले. विमान ठरलेलं वळण न घेता तसंच वायव्येला निघालं. सोबत गेलेल्या लढाऊ विमानांच्या वैमानिकांना त्याच्या काचा आतून गोठलेल्या दिसल्या. निघाल्यापासून जवळजवळ चार तासांनी, इंधन संपल्यावर, ते साउथ डकोटातल्या एका माळावर कोसळलं. हरवायला कुणी जागंच नव्हतं. आजच्या काही छोट्या जेटमध्ये म्हणूनच उलट प्रश्नाची सोय आहे: उंचावर बराच वेळ कुणी कशालाच हात लावला नाही, तर यंत्र विचारतं, आहात ना? उत्तर आलं नाही तर ते स्वतःच विमान श्वास घेता येईल अशा उंचीवर आणतं. सिरस व्हिजन जेट या एका इंजिनाच्या सात आसनी विमानात तर २०२० पासून छतावर एक बटण मिळतं. प्रवाशाने ते दाबलं की यंत्र जवळचा योग्य विमानतळ निवडतं, रेडिओवर कळवतं, उतरतं आणि धावपट्टीवर थांबतं. शिवाय सगळ्या विमानाला मिळून एक पॅराशूट आहे, तो भाग निराळाच.

आणि सक्तीची तपासणी म्हणजे काय चीज असते हे पाहायला याच विमानाइतकं चांगलं उदाहरण नाही.

त्याच्या नाकाजवळ हवेच्या झोताबरोबर फिरणारी एक छोटी पाती असते. नाक हवेशी किती कोनात आहे हे ती सांगते. कोन फार वाढला तर पंखांवरची हवा सुटते, म्हणून तसं होऊ लागलं की यंत्रणा योक थरथरवते आणि वेळ पडली तर नाक खाली ढकलते. आणखी एक संरक्षक यंत्रणा, ऑटोपायलट बंद असतानाही, त्याच सर्व्हो मोटरनी योकला हलकेच ढोसते. नोव्हेंबर २०१८ ते एप्रिल २०१९ या काळात तीनदा असं घडलं, की वेग उत्तम, कोन योग्य, तरी या यंत्रणा जाग्या झाल्या. का? पातीची दांडी कोन मोजणाऱ्या भागाच्या दांडीला दोन इवल्याशा स्क्रूंनी जोडलेली होती. सेन्सर जोडताना ते नीट आवळले गेले नव्हते आणि सैल होऊ नयेत म्हणून लावायचा चिकट द्रव लावलाच नव्हता. स्क्रू ढिले, पाती एक सांगते, मापक दुसरंच ऐकतो. सुदैवाने तिन्ही वेळा कुणाला इजा झाली नाही.

१८ एप्रिल २०१९ ला अमेरिकेच्या विमान प्रशासनाने तातडीचा आदेश काढला: पुढच्या उड्डाणाआधी सेन्सर बदला. पुढच्या महिन्यात नाही, सवडीने नाही. विमान जिथे उभं असेल तिथेच थांबलं. जेमतेम महिन्यापूर्वी बोइंगची ७३७ मॅक्स विमानं जगभर जमिनीवर आली होती, तिथेही अशाच एका पातीचं चुकीचं सांगणं अपघातांच्या मुळाशी होतं आणि ३४६ माणसं गेली होती. इथे माणूस जाण्याआधीच दोन स्क्रूंपाशी हात पोचला.

अशा आदेशाला म्हणतात एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह. हँगरमध्ये सगळे नुसतं ‘एडी’ म्हणतात. कंपनीने पाठवलेलं पत्रक म्हणजे बहुतेकदा सल्ला. एडी म्हणजे कायदा. ती पाळल्याशिवाय केलेलं उड्डाण बेकायदा. त्या आदेशाचा क्रमांक होता २०१९-०८-५१. तो वाचता येतो: २०१९ साल, त्यातला आठवा पंधरवडा, आणि ५१ पासूनचे आकडे तातडीच्या आदेशांसाठी राखलेले. काही एडी एकदाच पाळायच्या, काही दर इतक्या उड्डाणतासांनी पुन्हा पुन्हा. तातडी नसेल तर मसुदा आधी जाहीर होतो आणि कुणीही त्यावर मत कळवू शकतो, अगदी रोह्यात बसूनसुद्धा. त्यात खर्चाचा हिशोबही असतो: मजुरी ताशी ८५ डॉलर धरून, किती तास, सुट्या भागाची किंमत किती. एका जिवाला जपायचा खर्च असा रकान्यांत मांडलेला वाचताना मला तरी तो कोरडा वाटत नाही. कुणीतरी प्रत्येक स्क्रूपर्यंत जाऊन विचार केलाय हे त्यातून कळतं.

हा अमेरिकेतला कागद भारतातल्या विमानाला बांधतो कसा? ७ डिसेंबर १९४४ रोजी, महायुद्ध चालू असतानाच, शिकागोत ५२ देशांनी एका करारावर सही केली. भारतही त्यात होता, स्वातंत्र्याच्या पावणेतीन वर्षं आधी. त्या कराराच्या आठव्या परिशिष्टातून ही व्यवस्था उभी राहिली: ज्या देशाने विमानाचा आराखडा मंजूर केला त्याने दोष सापडताच इतरांना कळवायचं, आणि ज्या देशात विमानाची नोंद आहे त्याने ते पाळलं जातंय हे बघायचं. आपल्याकडे हे काम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, म्हणजे डीजीसीएचं. ‘व्हीटी’ ने सुरू होणारा क्रमांक ज्या विमानावर आहे, त्याच्या मालकाला लागू असलेली प्रत्येक एडी पाळल्याची नोंद ठेवावी लागते. परवानाधारक इंजिनिअर, म्हणजे एएमई, काम करून लॉगबुकात लिहितो: कोणती एडी, कोणत्या तारखेला, किती उड्डाणतासांवर, कशी पाळली. खाली त्याची सही आणि परवाना क्रमांक. विमान विकलं तरी ती नोंद त्याच्याबरोबर जाते. १९३४ च्या विमान कायद्याची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली, तरी ही सही आहे तिथेच आहे.

इथे पेण-रोह्याशी जोडलेली एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती फार थोड्यांना ठाऊक असते. पनवेलहून पेणमार्गे रोह्याला जाणारा रेल्वेमार्ग तुम्ही रोज पाहता. रोह्यापासून पुढे कोकण रेल्वे सुरू होते. नवा मार्ग किंवा दुसरी लाइन प्रवाशांसाठी खुली करण्याआधी रेल्वे सुरक्षा आयुक्त येऊन तपासतात, पूल बघतात, वेगाची चाचणी घेतात, आणि त्यांच्या मंजुरीशिवाय प्रवासी गाडी धावत नाही. हे आयुक्त कोणत्या मंत्रालयाखाली येतात? रेल्वेच्या नाही. नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या! १९४१ मध्ये ही तपासणी रेल्वे बोर्डाच्या हाताखालून काढून तेव्हाच्या टपाल आणि हवाई खात्याकडे दिली गेली, ती या बाजूलाच राहिली. गाड्या चालवणाऱ्याने गाड्या तपासणाऱ्याचा वरिष्ठ असू नये, एवढ्यासाठी. म्हणजे रोह्याच्या रुळांवर आणि रोह्याच्या आभाळातल्या जेटवर नजर ठेवणारी माणसं दिल्लीत एकाच मंत्र्यांच्या अखत्यारीत येतात.

महाराष्ट्रात ही सगळी व्यवस्था लवकरच आणखी जवळून दिसणार आहे. नागपूरच्या मिहान प्रकल्पात फ्रेंच कंपनी दसॉ आणि रिलायन्स यांचा संयुक्त कारखाना काही वर्षांपासून फाल्कन २००० या छोट्या जेटचे भाग बनवतो. १८ जून २०२५ ला, पॅरिसच्या विमान प्रदर्शनात, घोषणा झाली की हे अख्खं विमान नागपुरात जोडलं जाईल आणि २०२८ पर्यंत पहिलं उड्डाण करेल. तारीख पाहिलीत? लॉरेन्स स्पेरी त्याच शहराजवळ, त्याच तारखेला, १११ वर्षं आधी रिकाम्या खुर्चीचं विमान घेऊन उडाला होता. नागपुरात जोडलेल्या या विमानाचा आराखडा फ्रेंचच राहील, म्हणून त्याच्या ऑटोपायलटमध्ये पुढे काही दोष सापडला तर आदेश निघेल युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेकडून, जर्मनीतल्या कोलोन शहरातून. आणि तो पाळून लॉगबुकात सही करेल इथलाच एखादा एएमई.